अमेरिकेतला कंट्रोलर, गिरगावातला प्लग

भाचा न्यू जर्सीहून कायमचा परत आला तेव्हा त्याच्या सामानात एक करड्या रंगाचा प्लास्टिकचा डबा होता. साधारण जेवणाच्या डब्याएवढा. त्याला जोडलेला हीटर चालू-बंद करून ठरवलेलं तापमान धरायचं, हे त्याचं काम. झाकणावर लाल आकड्यांचा डिस्प्ले, बाजूला एक बटण आणि एक सॉकेट, मागून बाहेर आलेली अमेरिकन पिनची वायर. तिकडच्या थंडीत हा डबा इडलीचं पीठ उबेत ठेवायचा, रात्री दही लावायचा. त्याने तो स्वतः जुळवला होता आणि चार वर्षं वापरला होता. इकडे त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, मेणबत्त्यांचा घरगुती व्यवसाय आहे. मेणाचं भांडं गरम पाण्यात ठेवून ते ७५ अंशांच्या आसपास धरायला हा डबा अगदी हवा तसा. गिरगावातल्या घरी टेबलावर डबा उघडून भाच्याने विचारलं, "मामा, आतल्या कंट्रोलरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय. नुसता प्लग बदलू ना?"

हा प्रश्न आता मुंबईत बऱ्याच घरांत पडतो. जवळपास प्रत्येक इमारतीतलं कुणी ना कुणी अमेरिकेत असतं आणि परतताना काहीतरी विजेचं घेऊन येतं. दुकानातून घेतलेल्या वस्तूच्या तळाला निदान एक लेबल असतं आणि ते अख्ख्या वस्तूबद्दल बोलतं. घरी जुळवलेल्या डब्याला तसं लेबल नसतं. आतल्या प्रत्येक भागावर वेगळं काही लिहिलेलं असतं आणि ते त्या भागापुरतंच खरं असतं. भाच्याच्या डब्यात विजेच्या वाटेत येणारे नऊ भाग होते. १०० ते २४० व्होल्ट हे त्यातल्या एकावर लिहिलेलं होतं. उरलेल्या आठांचं काय, हे पाहायला आम्हाला दोन रविवार लागले.

आधी दाब म्हणजे काय ते पाहू

गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतं. सर्वात वरच्या मजल्यावर धार बारीक, तळमजल्यावर नळ जरा सैल केला की बादलीबाहेर पाणी उडतं. टाकी एकच, पाणी तेच, फरक दाबाचा. विजेतला हा दाब म्हणजे व्होल्ट. पाइपातून किती पाणी वाहतंय ते ॲम्पिअर. नळ किती आवळलेला आहे, म्हणजे वाट किती अडलेली आहे, तो रोध, ओहममध्ये मोजतात. आणि दाब गुणिले प्रवाह म्हणजे वॅट, प्रत्यक्ष होणारं काम किंवा निघणारी उष्णता.

अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट दाब असतो. एडिसनने न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली वीज विकायला सुरुवात केली ती ११० व्होल्टच्या आसपास, आणि तिकडचं सगळं त्याच पायावर वाढत गेलं. आपल्याकडे २३० व्होल्ट. कुलाब्यात बेस्टचं मीटर असो की उपनगरात अदानीचं, दाब हाच. प्रत्यक्षात मीटर लावलं तर दुपारी २२५ आणि मध्यरात्री २४५ असंही दिसतं, त्यामुळे एखादा भाग किती दाब झेलेल हे पाहताना मी नेहमी २५० धरून चालतो.

दुप्पट दाब, जवळपास चौपट उष्णता

लोकांची पहिली समजूत अशी असते की व्होल्ट दुप्पट झाले तर हीटर दुप्पट तापेल. तसं होत नाही. भाच्याचा हीटर १२० व्होल्टला १००० वॅटचा. त्याच्या तारेचा रोध १४.४ ओहम. १२० व्होल्टला त्यातून ८.३ ॲम्पिअर जातात. तीच तार २३० व्होल्टला लावली की दाब जवळजवळ दुप्पट, म्हणून प्रवाहही जवळजवळ दुप्पट, १६ ॲम्पिअर. आता दोन्हींचा गुणाकार करा: ३६७० वॅट. साडेतीन पटींहून जास्त.

आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे १६ ॲम्पिअर बरोबर आपल्या मोठ्या पॉइंटच्या मर्यादेत बसतात. बोर्डावरचा १६ ॲम्पिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, पडणार नाही. त्याचं काम बोर्डापासून सॉकेटपर्यंतची वायर वाचवणं, हीटर वाचवणं नव्हे. म्हणजे तार लालबुंद होत असेल, शेजारचं प्लास्टिक वितळत असेल, तरी मेन बोर्डावर सगळं शांत.

"पण मामा, कंट्रोलर आहे ना," भाचा म्हणाला. "तो चालू-बंद करतो. जास्त तापलं तर कमी वेळ चालू ठेवेल. सरासरी तेवढीच पडेल." हुशार माणसाला सुचणारी ही शंका आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. सरासरी जमेलही. पण ज्या सेकंदाला हीटर चालू आहे त्या सेकंदाला त्या तारेवर पूर्ण ३६७० वॅट पडतात. १००० वॅटसाठी मोजूनमापून केलेली तार आतली उष्णता तेवढ्या वेगाने बाहेर टाकू शकत नाही. पाणी ७५ अंशांवर दिसेल आणि तार आतून भाजत राहील. शिवाय कंट्रोलरचा हात जर 'चालू'वरच अडकला, आणि तो अडकतो, कसा ते पुढे येईलच, तर सरासरी उरतच नाही.

यावर उपाय सोपा निघाला. अमेरिकन हीटर बाजूला ठेवला आणि आयएसआय मार्कचा २३० व्होल्टचा १००० वॅटचा इमर्शन रॉड घेतला, आपल्याकडे बादलीत पाणी तापवायला लावतात तोच. त्याचा रोध सुमारे ५३ ओहम, प्रवाह ४.३५ ॲम्पिअर. पूर्वी ८.३ होता, आता जवळपास निम्मा. उष्णता तेवढीच मिळवायची असेल तर जास्त व्होल्टला वायरीवरचा ताण उलट कमी होतो. म्हणजे २३० व्होल्टला आणल्याने डबा तापण्याच्या बाबतीत जास्त निवांत होतो. वाढतो तो दाब, आणि दाब वाढला की वीज नको तिथून वाट काढू पाहते. पुढची सगळी काळजी त्याची.

डब्यातले नऊ भाग

सुरुवात कंट्रोलरपासून. हा डब्याचा मेंदू. पाण्यातला सेन्सर वाचतो, हवं ते तापमान आणि आहे ते तापमान यातला फरक पाहतो आणि हीटर किती वेळ चालू ठेवायचा ते ठरवतो. त्याला पीआयडी कंट्रोलर म्हणतात. भाच्याच्या कंट्रोलरवर १०० ते २४० छापलेलं होतं ते खरं, कारण मोबाइल चार्जरमध्ये असते तशी कोणताही दाब चालवून घेणारी पॉवर सप्लाय त्यात आहे. पण दिसायला सारखे वाटणारे सगळे कंट्रोलर असे नसतात. एसटीसी-१००० हा छोटा थर्मोस्टॅट खूप जण वापरतात. तो ११० आणि २२० अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतो आणि समोरून दोन्ही एकसारखेच दिसतात. मागचा स्टिकर वाचल्याशिवाय फरक कळत नाही.

दुसरा भाग एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले. कंट्रोलरकडून येणाऱ्या छोट्या इशाऱ्यावर हीटरची मोठी वीज जोडणारा, हलणारे भाग नसलेला स्विच. यावर २४ ते ३८० व्होल्ट छापलेलं होतं, म्हणजे चालेल. पण ज्यांनी तयार एसएसआर न घेता स्वतः ट्रायॅक (हीटरची वीज जोडणारा भाग) आणि ऑप्टोकप्लर (त्याला प्रकाशाने इशारा देणारा भाग) जोडून सर्किट केलंय त्यांनी इथे थांबावं. २३० हा सरासरीच्या प्रकारातला आकडा आहे. आपल्या घरातली एसी वीज लाटांसारखी चढत-उतरत असते आणि प्रत्येक लाटेच्या शिखरावर ३२५ व्होल्टपर्यंत चढते, आणि २५० धरले तर ३५० च्या पुढे. १२० व्होल्टला ते शिखर १७० असतं. म्हणून अमेरिकन सर्किटमध्ये एमओसी ३०३१ हा २५० व्होल्ट झेलणारा ऑप्टोकप्लर सुखाने चालतो आणि इथे पहिल्या लाटेतच हार मानू शकतो. त्याच घराण्यातला ३०६१ सहाशे व्होल्ट झेलतो, ३०८१ आठशे. ट्रायॅकही निदान ६०० व्होल्टचा हवा.

तिसरा भाग एसएसआरला थंड ठेवणारा पंखा. १२० व्होल्ट एसीचा. २३० वर तो काही मिनिटांत जळाला असता. प्रवाह निम्मा झाल्यामुळे एसएसआर आता निम्माच तापतो. चार-पाच वॅटची उष्णता बाहेर टाकायला त्याच्या मागचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीट सिंक, पुरेसा. पंखा काढूनच टाकला.

चौथ्या भागाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. एसएसआरच्या दोन टोकांवर निळ्या रंगाची, चपटी, गोळीसारखी चकती होती. तिला एमओव्ही म्हणतात. विजेचा अचानक चढलेला झटका ती स्वतःवर घेते. दाब एका मर्यादेपर्यंत असेल तर ती गप्प असते, मर्यादा ओलांडली की स्वतःमधून वीज वाहू देऊन बाकीच्यांना वाचवते. धरणाचे दरवाजे पाणी ठराविक पातळीला आलं की उघडतात तसं. त्या चकतीवर बारीक अक्षरांत २०१ छापलेलं होतं, म्हणजे ती १३० व्होल्ट एसीपर्यंतची. २३० ला आपले नेहमीचे दिवससुद्धा तिच्या लेखी महापूर. वरून तिची जागा पाहा. एसएसआरच्या टोकांवर ती असल्यामुळे कंट्रोलर 'बंद' म्हणाला तरी वीज तिच्यातून हीटरकडे जाणार, आणि ती स्वतः तापून फुटणार.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पार्ल्यात एका नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला एक्स्टेंशन बोर्ड पिन बदलणारा अडॅप्टर लावून भिंतीत खोचला. त्यावर काहीच जोडलेलं नव्हतं. फटाक्यासारखा आवाज, काळा धूर आणि बोर्डाला एक वाटोळं भोक. आत हीच चकती होती. तिकडचे सर्ज प्रोटेक्टरवाले बोर्ड इथे कधीही लावू नका, रिकामे सुद्धा. आपल्याकडे ही चकती निदान २७५ व्होल्ट एसीची हवी, आणि रात्रीचा चढता दाब पाहता मी ४७१ छापलेली, ३०० व्होल्टची लावली.

उरलेले पाच भाग भराभर सांगतो. निऑन इंडिकेटर, म्हणजे वीज जातेय हे दाखवणारा छोटा दिवा, १२० व्होल्टचा होता, लॅमिंग्टन रोडवरून २३० चा आणला. स्विचवर '१० ॲम्पिअर १२५ व्होल्ट, ६ ॲम्पिअर २५० व्होल्ट' असं छापलेलं होतं. ४.३५ ॲम्पिअरला पुरेसा, पण तो एकाच वायरला तोडणारा होता म्हणून दोन्ही वायरी एकदम तोडणारा डबल पोल घेतला. फ्यूज काचेचा, १० ॲम्पिअर, १२५ व्होल्टचा. फ्यूजवर व्होल्ट कशाला लिहितात असं वाटेल. फ्यूजची तार वितळल्यावर मधल्या फटीत ठिणगी पेटते आणि दाब जास्त असेल तर ती विझत नाही, फ्यूज उडूनही वीज चालूच राहते. म्हणून २५० व्होल्टचा हवा, आणि प्रवाह निम्मा झाला म्हणून ६.३ ॲम्पिअरचा. जुना १० चा ठेवला असता तर संरक्षण सैल पडलं असतं. आठवा भाग मागची वायर. तिच्या आवरणावर ३०० व्होल्ट होतं, पण ती आम्ही अमेरिकन पिनसकट काढून तीन कोरची, दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ ॲम्पिअरचा थ्री पिन टॉप लावला.

नववा भाग म्हणजे डब्याच्या बाजूचं अमेरिकन सॉकेट, ज्यात हीटर खोचायचा. भाच्याला ते ठेवायचं होतं. छान बसवलेलं होतं, डबा नव्याने कापायची मेहनत नको. मी त्याला एवढंच विचारलं, "तू घरी नसताना आईने तिकडून आणलेली एखादी वस्तू यात लावली तर?" अमेरिकन सॉकेट पाहणाऱ्याला सांगतं की इथे १२० व्होल्ट आहेत. आता तिथे २३० असणार होते. सॉकेटचा आकार म्हणजे एक प्रकारचं वचन असतं. ते काढलं आणि आपलं १६ ॲम्पिअरचं सॉकेट बसवलं. माझ्या मते सगळ्या बदलांत हा बदल सर्वात महत्त्वाचा, आणि बहुतेक जण नेमका हाच करत नाहीत.

काळी वायर कुठली?

इथे चूक झाली तर ती चालू करण्याआधी दिसत नाही. अमेरिकेत काळी वायर म्हणजे फेज, पांढरी म्हणजे न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. आपल्या घरांच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. म्हणजे तिकडची जिवंत वायर इकडच्या वायरमनच्या डोळ्यांना निरुपद्रवी दिसते. आणि नव्या लवचिक वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. एकाच डब्यात हे तिन्ही संप्रदाय एकत्र आले तर सहा महिन्यांनी डबा उघडणारा माणूस फसणारच. आम्ही आतल्या सगळ्या काळ्या वायरींच्या दोन्ही टोकांना तपकिरी स्लीव्ह चढवली आणि झाकणाच्या आत एका कागदावर रंग लिहून चिकटवले.

सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असायला हवं. 'हवं' म्हणतो, कारण जुन्या चाळींतून ते उलट जोडलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. डबल पोल स्विच घेतला तो याचसाठी. फेज कुठूनही आली तरी बटण बंद केल्यावर दोन्ही वाटा तुटतात. एसएसआरला मात्र स्विच समजू नका. तो बंद असतानाही त्यातून किंचित वीज झिरपते आणि सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो. डिस्प्लेवर 'बंद' दिसतंय म्हणून पाण्यात हात घालू नये, आधी प्लग भिंतीतून काढावा.

बिघडेल तेव्हा तो कुठल्या बाजूला बिघडेल?

भाच्याचा डबा तापमान उत्तम धरायचा. अर्ध्या अंशाचाही फरक नाही. पण तो डबा सुरक्षित होता का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातला दिव्याचा स्विच खराब झाला की बहुतेक वेळा दिवा लागत नाही. एसएसआरचं उलट. तो मरतो तेव्हा बहुधा आतून शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे कायमचा 'चालू'. कंट्रोलर बंद करायचा इशारा देत राहतो आणि ऐकणारा कुणी नसतो. दुसरा प्रकार आणखी साधा. सेन्सरची सळी पातेल्यातून निसटून ओट्यावर पडते. कंट्रोलर ओट्याचे ३० अंश वाचतो, पाणी अजून थंडच आहे असं समजतो आणि पूर्ण ताकदीने तापवत राहतो. त्याच्याकडून काहीच चूक नाही. त्याला जे दिसलं त्यावर तो प्रामाणिकपणे वागतोय.

दह्याच्या बाबतीत याचा परिणाम म्हणजे दही फुकट. मेणाच्या बाबतीत तसं नाही. पाणी आटलं, मेण तापत गेलं आणि साधारण २०० अंशांच्या पुढे पोचलं की त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. आणि पेटलेल्या मेणावर घाबरून कुणी पाणी ओतलं तर भडका छतापर्यंत जातो. अशा वेळी झाकण ठेवून हवा तोडायची आणि प्लग काढायचा.

म्हणून कंट्रोलरवर अजिबात अवलंबून नसलेला एक पहारेकरी हवा. आम्ही थर्मल कटआउट लावला. रुपयाच्या जुन्या नाण्याएवढी वस्तू, आत दोन धातूंची एकत्र चिकटवलेली पत्री. ठराविक उष्णतेला ती टक् करून वाकते आणि वीज तोडते. ना प्रोग्रॅम, ना सेन्सर. आमचा ९० अंशांचा आहे, २५० व्होल्ट १० ॲम्पिअरचा, आणि एकदा पडला की मधलं बटण हाताने दाबल्याशिवाय परत जुळत नाही असा. हा प्रकार मुद्दाम घेतला. आपोआप जुळणारा कटआउट रात्रभर पडत-जुळत राहील आणि सकाळी कुणाला पत्ताही लागणार नाही. हाताने जुळवायचा असेल तर माणूस थांबतो, का पडला ते बघतो.

तो पातेल्याच्या बाहेरच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या खाली घट्ट आवळला, टोकांवर उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवली आणि हीटरच्या फेज वायरमध्येच घेतला. पाणी उकळण्याआधीच तो पडतो, त्यामुळे एसएसआर शॉर्ट झाला तरी पाणी उकळून आटत नाही. दिवसभराच्या वाफेने पाणी हळूहळू कमी होतं ते मात्र माणसानेच पाहायचं. रॉडवर किमान पातळीची खूण असते, तिच्याखाली पाणी जाऊ द्यायचं नाही.

"त्यापेक्षा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर?"

२३० व्होल्टचे १२० करून देणारा हा ट्रान्सफॉर्मर चालतो. छोट्या उपकरणाला तर तोच उत्तम मार्ग. १००० वॅटच्या हीटरला मात्र तो तासन्‌तास चालेल असा हवा तर निदान दीड हजार व्हीएचा (व्होल्ट गुणिले ॲम्पिअर) घ्यावा लागतो. दहा किलोच्या पुढचं धूड, रॉडच्या कितीतरी पट किंमत, आणि स्वयंपाकघरात ठेवायला जागा कुठे? प्रवासासाठी तळहाताएवढे 'कन्व्हर्टर' मिळतात त्यांच्या भरवशावर तर कंट्रोलर बिलकुल चालवू नये. त्यातले बरेचसे लाटेचा तुकडा कापून सरासरी खाली आणतात. इस्त्रीची तार ते सोसते, कंट्रोलरची इलेक्ट्रॉनिक्स सोसेलच असं नाही.

"दोन अमेरिकन हीटर एकामागे एक जोडले तर?"

दोन्ही अगदी सारखे असतील तर प्रत्येकाला ११५ व्होल्ट मिळतात आणि हिशेब जुळतो. एक १००० वॅटचा आणि एक ५०० वॅटचा घेतलात तर? दाब समान वाटला जात नाही. ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला जास्त. मोठ्याला ७७ व्होल्ट मिळतात आणि छोट्याला १५३. तो ५०० वॅटचा बिचारा ८०० च्या वर तापतो. लोक इथे हमखास चुकतात, कारण मन म्हणतं की मोठा हीटर जास्त घेईल.

पन्नास हर्ट्झ आणि साठ हर्ट्झ

एसी विजेच्या सेकंदाला किती लाटा येतात ते हर्ट्झ. आपल्याकडे ५०, अमेरिकेत ६०. हीटरच्या तारेला याने काही फरक पडत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी केलेले ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतात, आणि लाटेच्या वेळेवर चालणारा स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम असेल तर अर्ध्या लाटेचे ८.३ मिलिसेकंद बदलून १० करावे लागतात.

"आमच्या इमारतीत अर्थिंगच नाही"

गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या इमारतींतून हे उत्तर नेहमी येतं. तीन भोकांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. आणि मग कुणीतरी ते भोक मागून न्यूट्रलला जोडून देतो, किंवा नळाच्या पाइपला. दोन्ही जीवघेणं आहे. न्यूट्रल कुठेतरी तुटली की त्या दिवशी पातेल्याच्या अंगावर थेट २३० व्होल्ट येतात. नळाच्या पाइपात मध्येच प्लास्टिकचा तुकडा असला तर अर्थिंग मिळतच नाही, उलट शेजारच्या बाथरूममधल्या माणसाला शॉक बसायची सोय होते.

१२० आणि २३० यातला फरक शरीराला लगेच कळतो. ओल्या हाताचा रोध हजार-दोन हजार ओहमवर उतरतो. जुलैच्या दमटीत, घामाने, ओल्या ओट्यापाशी तो उतरलेलाच असतो. २३० व्होल्टला तिथून शंभराहून जास्त मिलिॲम्पिअर जाऊ शकतात, आणि हृदयाची लय बिघडायला त्याहून कितीतरी कमी पुरतात. म्हणून बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवा, ज्याला आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो. गेलेली आणि परत आलेली वीज तो सतत ताडून पाहतो. काही वीज तिसऱ्याच वाटेने गेली की क्षणात तोडतो. अर्थिंग नसेल तरी तो माणसाच्या अंगातून जाणारी वीज ओळखतो, फक्त त्यासाठी आधी शॉक बसावा लागतो. अर्थिंग असेल तर माणसाने हात लावण्याआधीच पडतो. मावसबहिणीच्या घरी हे दोन्ही नव्हतं. परवानाधारक वायरमनकडून मीटर बोर्डापासून अर्थची वायर वर आणून घेतली आणि आरसीसीबी बसवला. या कामाला त्या डब्याच्या दसपट खर्च आला. ती म्हणाली, "दादा, एका पातेल्यासाठी एवढं?" मी म्हटलं, गीझर आणि वॉशिंग मशीन पण त्याच बोर्डावर आहेत ना?

ज्यांना हे करता येणार नाही त्यांनी पाण्यात बुडणारा हीटर आणि घरी जुळवलेला कंट्रोलर ही जोडी वापरू नये, एवढं स्पष्ट सांगतो. आणि मल्टिमीटर हातात धरायची सवय नसेल तर डबा उघडूच नये, वायरमनला दाखवावा.

पहिल्यांदा चालू करताना

सगळं जुळल्यावर लगेच भिंतीत खोचायचं नाही. आधी प्लग हातात ठेवून मल्टिमीटरने पाहिलं: अर्थिंगच्या पिनेपासून पातेल्यापर्यंत अर्ध्या ओहमच्या आत, फेज आणि अर्थिंगच्या मध्ये जोड अजिबात नाही. सेन्सरच्या वायरी आणि २३० च्या वायरी एकमेकींपासून लांब बांधल्या, कारण सेन्सर पाण्यात असतो आणि पाण्याशी माणसाचा संबंध येतो. मग वायरमन लोकांची जुनी युक्ती, सिरीज बल्ब. १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब आता शोधावा लागतो. लोहार चाळीत मिळाला. तो डब्याच्या वाटेत एकामागे एक जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि तेवढ्यावर भागतं, स्फोट होत नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा रॉड लावलेला नव्हता. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला, डिस्प्लेवर २९ आकडा आला. भाच्याने श्वास सोडला. मग बल्ब काढून, पाण्यात रॉड सोडून डबा थेट लावला, कंट्रोलरला ऑटोट्यूनवर टाकलं, म्हणजे त्याचं गणित त्यालाच नव्याने जुळवायला लावलं, कारण भांडं नवं आणि हीटर नवा, जुनी गणितं चालणार नाहीत. पाणी ७८ वर स्थिर झाल्यावर मी सेन्सर मुद्दाम बाहेर काढून ओट्यावर ठेवला. पाणी चढत गेलं, ८२, ८५, ८८. दुसऱ्या थर्मामीटरवर आम्ही तिघं बघत होतो. ९१ ला टक् असा आवाज आला आणि निऑन विझला. मावसबहिणीने तो आवाज परत ऐकायचा म्हणून आणखी एकदा करायला लावला.

संध्याकाळी भाच्याने झाकणावर मार्करने लिहिलं: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १००० वॅटपर्यंत, फ्यूज ६.३ ॲम्पिअर. त्याखाली तारीख. आणि त्याखाली, आईसाठी, मोठ्या अक्षरात: पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढ.